माजघरातली सारवलेली जमीन: ठेवावी की फरशी घालावी?

पडवीतली | १२ मार्च
नमस्कार मंडळी. सासरचं घर गुहागर तालुक्यात आहे. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी आणि पडवी, मध्ये माजघर, त्याच्या एका अंगाला देवघर आणि दुसऱ्या अंगाला बाळंतिणीची खोली. घर नक्की किती जुनं, ते कुणालाच माहीत नाही. एका तुळईवर शके कोरलेलं होतं म्हणे, पण माझ्या लग्नाच्या वेळी रंगाऱ्याने हौसेने तिच्यावर ऑइलपेंटचे दोन हात मारले.

ओटीवर सासऱ्यांनी १९८२ साली कोबा करून घेतला. पुढे स्वैपाकघरात टाइल्स आल्या. माजघर आणि बाळंतिणीची खोली मात्र अजून शेणाने सारवलेली आहे. नवरा निवृत्त झाल्यापासून आम्ही वर्षातले पाच-सहा महिने इथेच असतो. त्यामुळे प्रश्न आता पाहुण्यांचा राहिला नाही, रोजचा झालाय.

जमिनीला मधेच फुगे धरतात, पोपडे सुटतात, पावसाळ्यात एका कोपऱ्यात वाळवी निघते. दुसरीकडे मे महिन्यात दुपारी तिथे नुसतं चटईवर आडवं व्हावं, पंखासुद्धा लागत नाही. चुलत-आतेभावंडांचा 'आपलं घर' नावाचा ग्रुप आहे. सदस्य एकोणीस, घरात राहणारे तीन. ग्रुपचा एकमुखी ठराव: माजघराला हात लावायचा नाही, तोच घराचा आत्मा आहे.

तुम्ही काय केलंत? पस्तावलात का?

गवतीचहा | १२ मार्च
आधी फोटो टाका! आणि फरशी घालू नका, प्लीज. ताज्या सारवणाचा तो वास, त्याच्यावर पांढऱ्या रांगोळीची चार बोटं... डोळ्यांत पाणी आलं.

तिरकसराव | १२ मार्च
गवतीचहा, तुम्ही शेवटचं कधी सारवलं होतंत?

गवतीचहा | १२ मार्च
१९९४. मामाकडे, एक कोपरा. नंतर आजीने तो परत सारवला. :)

चुनेवाली | १३ मार्च
जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आत्मा वगैरे बाजूला ठेवू. जांभा सच्छिद्र दगड आहे, जमिनीतलं पाणी शोषतो. तुमच्या माजघराच्या पोटातली ओल आजवर त्या मातीच्या जमिनीतून हळूहळू उडून जात होती, कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. तिच्यावर काँक्रीट आणि व्हिट्रिफाइड टाइल्सचं झाकण बसलं की पाणी थांबत नाही, दुसरी वाट शोधतं. ती वाट म्हणजे भिंत. दोन-तीन पावसाळ्यांत गुडघ्या-कंबरेएवढ्या उंचीवर रंग सुटायला लागतो, पांढरं मीठ फुटतं. मग घरवाले घाबरून तिथे सिमेंटचं प्लास्टर करतात, आणि ओल आणखी हातभर वर चढते. हा खेळ मी इतक्या घरांत पाहिलाय की दारातून शिरतानाच कळतं, फरशी केव्हा बसली असेल.

फरशी घालायचीच तर शहाबादी घाला. खाली खडी, वर चुना-वाळूची गादी, सांधे चुन्यानेच भरायचे. चुना आधी भिजवून मुरवायला हवा, पोतं फोडलं आणि कालवला असं चालत नाही. पूर्वी दगडी घाणीत बैल फिरवून तो मळायचे, गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचे. तितकं करायला कुणी सांगत नाही, पण गवंड्यावर डोळा ठेवा.

आणि उंबरठा मोजा! नवी फरशी जुनी जमीन न उकरता वर घातली की चार-पाच इंच चढते. उंबरठा गाडला जातो, दारं खालून तासावी लागतात, आणि तुमच्या घरातली उंच माणसं चौकटीला डोकं आपटून घेतात. आधी तेवढं खोदा, मग घाला.

केळफूल | १३ मार्च
चुनेवालींच्या अक्षराअक्षराला अनुमोदन. दापोलीजवळ आमच्याकडे काकांनी चकचकीत पांढऱ्या टाइल्स बसवल्या. पहिल्या वर्षी सगळे म्हणाले, घर कसं उजळलं. तिसऱ्या वर्षी देवघराच्या भिंतीचा गिलावा ढलपीने पडला. आता तिथे प्लास्टिकचा वॉलपेपर आहे. देवांच्या मागे धबधबा.

तिरकसराव | १३ मार्च
देवांच्या मागे धबधबा म्हणजे ओल अधिकृतच झाली की.

वासामोज्या | १३ मार्च
अवांतर: पडवीतली, माळ्यावर चढून कौलांची खालची बाजू बघा. कारखान्याचा छाप असतो. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तिथून ही चपटी कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. त्याआधी आपल्याकडे गवत किंवा कुंभाराची नळ्याची कौलं. छाप सापडला तर घराचं नाही, पण निदान छपराचं वय जरा कळेल. मला नादच आहे, कुणाच्याही घरी गेलो की मान वर.

कोकणी_भूत | १३ मार्च
तां सगळां बरां आसा, पण कौलां परतूक माणूस खंय गावता? आणि परतल्यार वांदर ऱ्हवाक देतत? आमच्या गावात अर्ध्या घरांर आता पत्रो. पाऊस पडलो की टीव्ही ऐकाक येणा नाय.

वासामोज्या | १३ मार्च
भुता, हे मात्र खरंय. माकडांनी कौलारू घराला जितकं हैराण केलंय तितकं पावसानेही नसेल. आम्ही मे महिन्यात शाकारायला दोघे भाऊ स्वतः चढतो. फुटकी बाजूला, रिपा तपासायच्या, कोने परत बसवायचे. मागच्या वर्षी एका ठिकाणी काचेचं कौल घातलं, स्वैपाकघरात सकाळी चुलीच्या धुरात उन्हाची सरळ काठी उतरते. बायको म्हणाली, पंधरा वर्षांत तू केलेलं हे पहिलं चांगलं काम.

सोलापुरी_चटणी | १४ मार्च
तुमचं जमिनीवर चाललंय, आमच्याकडे छतच मातीचं. माळवद. लाकडी तुळया, त्यावर आडवे सर, वर फळ्या-चिपाडं, निंबाचा पाला आणि मग मातीचे थर, सगळ्यांत वर पांढरी माती. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत आत माठातल्यासारखं वाटतं. पण गळतं म्हणून दरवर्षी पावसाआधी आजोबा वर आणखी दोन पाट्या माती टाकायचे. त्याच्या आधी पणजोबांनी टाकलेली. कुणी काढत नव्हतं, फक्त टाकत होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. रात्री गणपती पोचवून लोक नुकते झोपले होते. त्या गावांतली घरं अशीच होती, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर हे ओझं. हजारो माणसं त्याखाली गेली. आमचं गाव लांब, नुसतं हादरलं. पण त्याच दिवाळीत वडिलांनी माळवदावरची माती उतरवायला घेतली, तीन ट्रॉल्या निघाली. घर अजून उभं आहे आणि माझं त्याच्यावर जीवापाड प्रेम आहे. फक्त 'पूर्वीसारखंच ठेवा' असं कुणी म्हणालं की मला त्या ट्रॉल्या आठवतात.

गवतीचहा | १४ मार्च
बाप रे. शांत झाले वाचून.

एडिसनची_मावशी | १४ मार्च
आमचं न्यू जर्सीतलं घर १९२६ चं. इथे १९७८ च्या आधीचं घर विकताना शिशाच्या रंगाबद्दल लेखी सांगावं लागतं, कारण त्या साली घरांसाठी तो रंग बंद झाला. आम्ही हौसेने खिडक्या खरवडायला काढणार होतो, लेक रांगत होती. शेजारच्या आजोबांनी धावत येऊन थांबवलं, नाहीतर सगळी धूळ तिच्या पोटात गेली असती. पडवीतली, तुळईवरचा तो ऑइलपेंट शके शोधायच्या नादात कोरडा घासू नका, इतकंच.

सुखाची गोष्टही सांगते. वरच्या खोलीतला कळकट गालिचा उचकटला तर खाली ओकची अखंड लाकडी जमीन. नवरा आणि मी रात्री दोन वाजेपर्यंत खिळे उपटत बसलो होतो. लग्नानंतर इतक्या गप्पा पहिल्यांदाच झाल्या.

तिरकसराव | १५ मार्च
सगळं वाचलं. छप्पर झालं, भूकंप झाला, अमेरिका झाली. मूळ धाग्यात एक माणूस दिसत नाही. घरात राहणारे तीन, म्हणजे तुम्ही, नवरा आणि सासूबाई असणार. सारवतं कोण? आणि त्यांना विचारलं का?

पडवीतली | १५ मार्च
पकडलंत.

सारवायला वाडीतल्या एक मावशी यायच्या. आता त्यांचे गुडघे गेले, सून आंब्याच्या कॅनिंगवर जाते, तिने का यावं? गेली दोन वर्षं मी करते. त्यात शेण मिळत नाही. आमच्या वाडीत एके काळी दारोदार गुरं होती, आता दोन घरांत मिळून तीन म्हशी. त्या शेणाला बायोगॅसवाला, बागवाला आणि मी असे तीन गिऱ्हाईक. पाटी घेऊन चालले की बागवाला माझ्याकडे असा बघतो की जणू त्याच्या शेतात घुसलेय.

सासूबाईंना विचारलं. वय चौऱ्याहत्तर. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "विसाव्या वर्षी या घरात आले तेव्हापासून सारवतेय, मला टाइल्स हव्यात, गुलाबी." ग्रुपवर हे टाकलं तेव्हा ठाण्याच्या दिराने लिहिलं, 'काकूला सवय नाही बदलाची, समजव तिला.' मी फोन सासूबाईंना वाचून दाखवला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "त्याला म्हणावं ये, खाली बस, आणि आत्म्यावरून हात फिरव."

जाईची_वेल | १५ मार्च
सासूबाईंना साष्टांग.

तिरकसराव | १५ मार्च
म्हणजे आत्म्याला दर आठवड्याला दोन पाट्या शेण लागतं, हे ग्रुपला माहीतच नव्हतं.

केळफूल | १५ मार्च
माझ्या आईचं हेच. ज्यांच्या कंबरेतून ती जमीन गेली त्यांना ती नकोय, आणि ज्यांनी तिच्यावर फक्त पत्ते खेळले त्यांना ती जपायचीय. मी दुसऱ्या गटातली, कबूल करते.

जाईची_वेल | १६ मार्च
थोडी वेगळी बाजू मांडू? माझी आई अजून सारवते आणि तिला ते आवडतं. तिची एक शिस्त आहे: आधी पोपडे खरवडायचे, खड्डे लाल मातीने भरून चोपण्याने चोपायचे, मग पातळ शेणकाला, हाताचे वळसे एका दिशेने. तिला विचारलं तर म्हणते, एवढा एकच वेळ असतो जेव्हा मला कुणी हाक मारत नाही, कारण ओल्या जमिनीवर कुणाला येता येत नाही. तेव्हा सगळ्याच बायकांना तो जाच वाटतो असं नाही हो.

आमच्याकडे पूर्वी जुन्या बॅटरी सेलची काळी भुकटी घालायचे, जमीन आरशासारखी काळीभोर दिसायची.

चुनेवाली | १६ मार्च
जाई, ते मात्र कृपा करून कुणी करू नका. सेलमधली ती भुकटी मँगनीज डायऑक्साइड आणि बाकीची रसायनं असतात. त्या जमिनीवर पोरं रांगतात, पापड वाळतात. काळा रंग हवा तर लाकडी कोळशाची पूड पुरते.

पडवीतली | १६ मार्च
जाई, हे खरंच पटलं. मलाही सारवताना राग येत नाही. राग 'किती छान, असंच ठेव' या मेसेजचा येतो.

अजून एक. सासूबाईंचं टाइल्सबद्दल एकच म्हणणं मला अडवतंय. म्हणतात, थंडीत पाय गार पडले तर गोधडी घालीन खाली. त्यावरून माळ्यावरचा पेटारा उघडला. आठ गोधड्या निघाल्या, त्यातल्या तीन उंदरांनी कुरतडलेल्या. एक तर पूर्ण लुगड्यांची, आजेसासूबाईंच्या हातची. दुरुस्त होते का हो? इथे कुणाला येतं?

पंचगंगेकाठचा | १६ मार्च
आमच्याकडं तिला वाकळ म्हणत्यात. घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर धुवायच्या, दगडावर आपटायच्या आणि काठावर वाळत घालायच्या. लहानपणी तो रंगीत काठ बघितला की कळायचं, नवरात्र आलं. एक भिजलेली वाकळ दोन माणसांशिवाय पिळता येत नाही. घरातली भांडणं बहुतेक त्या पिळण्यात मिटायची, कारण दोघांनी उलट्या बाजूला जोर लावायचा असतो.

सुईदोरा | १७ मार्च
आले, आले, माझा विषय निघाला! पडवीतली, कुरतडलेलं भोक शिवू नका. वरून सुती ठिगळ लावा, भोकापेक्षा चार बोटं मोठं, कडा आत दुमडून. मग मूळ धावदोऱ्याच्या ओळींतूनच सुई न्या, म्हणजे ठिगळ वेगळं दिसत नाही. ठिगळ जुन्याच कापडाचं घ्या. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि भोवतालचं सगळं चुरमडतं.

नवी करायची असेल तर जमिनीवर अंथरून चार कोपऱ्यांना दगड ठेवायचे, कडेने सुरुवात करायची आणि फेऱ्या घालत मध्याकडे यायचं. मध्ये जुन्या सुती साड्या, धोतरं, तीन-चार थर. सिंथेटिक साडी चुकूनही नको, सुईच्या प्रत्येक टाक्याला घसरते. मी कॉलनीतल्या चौघींना शिकवायला घेतलं, त्यातल्या दोघी पहिल्या फेरीत पळाल्या, तिसरीने मशीनवर मारून आणली. चौथीची झाली, सहा महिने लागले. तिचा नवरा म्हणतो, एवढ्यात चार विकत आल्या असत्या. तो अजून तिच्यावरच झोपतो.

गवतीचहा | १७ मार्च
पांघरायची की अंथरायची?

सुईदोरा | १७ मार्च
अंथरायची. पांघरायची ती करायला घेतलीय, विचारू नका.

माडाखाली | १८ मार्च
आमच्या गोव्यातल्या सांग्याच्या घरात आजीने गोधडीला आपल्या हिरव्या लुगड्याचा पदर मधोमध लावलाय. घरातलं प्रत्येक मूल त्या हिरव्या चौकोनावरच झोपायला भांडलंय. आता माझा मुलगा आणि पुतणी भांडतात. घराच्या जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले आहेत, पातळ सोललेले, लाकडी पट्ट्यांत बसवलेले. सकाळचा उजेड दुधासारखा येतो. एक फुटला की बसवणारा सापडत नाही, म्हणून एका खिडकीचे शिंपले काढून बाकीच्यांना लावले. ती एक खिडकी आता साध्या काचेची. सगळं वाचवायला गेलो असतो तर सगळ्याच गेल्या असत्या.

चुनेवाली | १८ मार्च
माडाखाली, हे मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगायला वापरणार आहे, परवानगी गृहीत धरते. पडवीतली, तुमच्याकडे दोन सारवलेल्या खोल्या आहेत ना?

तिरकसराव | २ जून
धागाकर्ती, पाऊस आला. माजघराचं काय?

तिरकसराव | ११ ऑगस्ट
धागाकर्ती बहुतेक उंबरठ्याखाली गाडल्या गेल्या.

पडवीतली | ९ ऑक्टोबर
आले! गणपती, मग महालय, मग नवरात्र. माफ करा.

चुनेवालींची सूचना ऐकली. माजघरात शहाबादी घातली, बाळंतिणीची खोली सारवलेलीच ठेवली. गुलाबी टाइल्सवरून सासूबाई शहाबादीवर कशा आल्या, ते सांगते. केळफूल यांच्या देवघराची गोष्ट वाचून दाखवली. देवांच्या मागे धबधबा ऐकल्यावर म्हणाल्या, "नको बाई ते." मात्र अट घातली, स्वैपाकघराच्या ओट्याला गुलाबी टाइल्स हव्यात. बसवल्या. आता ओटा दिवाळीच्या शंकरपाळ्यांसारखा दिसतो आणि त्या रोज दोनदा पुसतात.

गवंडी मिळायला एप्रिल गेला. जो मिळाला त्याने पहिल्याच दिवशी, आमची पाठ वळताच, चुन्यात सिमेंट कालवलं. "थोडंसंच, धरायला" म्हणाला. एक कोपरा उकरून परत करायला लावला. त्यानंतर सासूबाई खुर्ची टाकून समोर बसायच्या, हातात शेंगा सोलायला. जमीन सहा इंच खोदली तेव्हा खाली जुन्या सारवणाचे थर दिसले, पातळ पापुद्र्यांसारखे, एकावर एक. त्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "ह्यातले वरचे माझे." आणि परत शेंगा सोलायला लागल्या.

ओल यंदा तरी भिंतीत चढली नाही. उंबरठा जागच्या जागी आहे. दोन फरश्यांचा सांधा उघडला, तो परत भरावा लागेल. मे महिन्यातल्या दुपारी पूर्वीइतकी गार लागत नाही, हे खोटं कशाला बोलू. वासामोज्या, तुमचं ऐकून माळ्यावर मान वर करून फिरले. तीन वेगवेगळे छाप निघाले, म्हणजे आमच्या छपराने तीनदा तरी उधारी केली. आजेसासूबाईंच्या गोधडीला ठिगळ लावलं. सुईदोरा, ते वेगळं दिसतंय, पण पहिलंच आहे.

आणि बाळंतिणीच्या खोलीचं. ग्रुपवर मी पाळीचा तक्ता टाकला. एकोणीस जण, महिन्याला एक सारवण, म्हणजे माणशी दीड वर्षातून एकदा. सात जणांनी अंगठा दाखवला. आला एकच, ठाण्याचा दीर. गणपतीच्या आधी, अर्धी चड्डी घालून, जोरात. सासूबाई दाराबाहेर उभ्या. त्याने काही न विचारता दारापासून सुरुवात केली आणि आत आत सारवत गेला. त्या बघत राहिल्या, एक अक्षर बोलल्या नाहीत. अर्ध्या तासाने तो पलीकडच्या भिंतीला पाठ लावून उभा, चारी बाजूंनी ओलं.

तिरकसराव | ९ ऑक्टोबर
हाहाहा! मग?

पडवीतली | ९ ऑक्टोबर
मग काय, सुकेपर्यंत दोन तास तिथेच. चहा खिडकीच्या गजातून दिला.

गवतीचहा | ९ ऑक्टोबर
फोटो!!

पडवीतली | ९ ऑक्टोबर
काढला होता. ग्रुपवर न टाकण्याच्या बदल्यात तो चैत्रातलं सारवणही करणार आहे.